जुन्या आंबा बागेचे पुनरुज्जीवन आणि बागायतदाराच्या संकल्पांची पडताळणी

महाराष्ट्रात सन १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी निगडित फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला आणि कोकणातील वरकस, डोंगरउताराच्या जमिनींवर हापूसची कलमे मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. बहुतेक ठिकाणी १० × १० मीटर अंतर ठेवले गेले, म्हणजे हेक्टरी १०० झाडे बसली. त्या काळी लावलेली कलमे आज तीस वर्षांच्या पुढे गेली आहेत. अनेक बागांत फांद्या एकमेकींत शिरल्या आहेत, खाली ऊन पोहोचत नाही, मोहोर फक्त शेंड्याला येतो आणि फळ काढायला गडी चढायला तयार होत नाही. त्यातच घरातील कर्ती माणसे मुंबई-पुण्याला असली, की बाग काही वर्षे कराराने दिली जाते किंवा नुसतीच पडून राहते.

अशी बाग पुन्हा हाती घेण्याचे अनेक बागायतदार ठरवतात. पहिल्या वर्षी उत्साहाने छाटणी होते. दुसऱ्या वर्षी फेऱ्या कमी होतात. तिसऱ्या वर्षी बाग पुन्हा कराराने जाते. झाडे सुधारण्याचे तंत्र उपलब्ध असूनही असे होते, कारण बाग एकाएकी दुर्लक्षित होत नाही. आधी फेरी चुकते, मग नोंद चुकते, मग वेळेवरचे काम चुकते. म्हणून बागेबरोबर बागायतदाराने स्वतःच्या सवयींचेही पुनरुज्जीवन हाती घ्यावे लागते. ही दोन्ही कामे एकाच वहीत कशी तपासावीत, याची माहिती या लेखात दिली आहे.

आजची स्थिती आधी लिहून ठेवा

छाटणीची करवत हाती घेण्यापूर्वी बागेची आजची स्थिती कागदावर उतरवावी. प्रत्येक झाडाला रंगाने क्रमांक द्यावा. प्रत्येक झाडापुढे पुढील बाबी लिहाव्यात :

१) अंदाजे उंची आणि शेजारच्या झाडात फांद्या शिरल्या आहेत किंवा नाहीत.
२) बांडगुळाच्या किती जाळ्या आहेत.
३) बुंध्यावर खोडकिड्याची (भिरूड) छिद्रे व खाली भुसा आहे का.
४) वाळलेल्या फांद्या किती.
५) मागील दोन हंगामांत मिळालेली फळे, डझनात. आठवत नसल्यास जागा कोरी सोडावी, अंदाजाने भरू नये.

याच वहीच्या दुसऱ्या बाजूने आपली स्वतःची स्थिती लिहावी. मागील महिन्यात बागेत किती वेळा गेलो? मजुरी, खते, औषधे यांचा किती खर्च झाला, आणि त्यातला किती लिहिलेला आहे? छाटणी किंवा कलम बांधणे स्वतःच्या हाताने येते का? औषध कोणते मारायचे हे कोण ठरवतो, मी की दुकानदार? तंबाखूच्या दिवसाला किती पुड्या लागतात? ही उत्तरे कोणाला दाखवायची नाहीत. परंतु आज कुठे उभे आहोत हे लिहिलेले नसेल, तर वर्षभराने पुढे सरकलो की मागे, हे सांगता येणार नाही. माणसाची आठवण सोयीप्रमाणे बदलते, वही बदलत नाही.

थोडेच संकल्प ठेवा : फुटव्यांच्या विरळणीचे उदाहरण

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जुन्या झाडाची छाटणी करतात. मधली उभी फांदी काढून ऊन आत घ्यावे व उंची कमी करावी. दाट, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. जाड फांदी कापताना आधी खालच्या बाजूने अर्धवट काप द्यावा व मग वरून कापावे, म्हणजे साल सोलून निघत नाही. काप तिरका ठेवावा, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. कापलेल्या जागी त्याच दिवशी बोर्डोपेस्ट लावावी. बांडगूळ केवळ ओरबाडून काढू नये. त्याची मुळे फांदीच्या आत गेलेली असतात, म्हणून ते चिकटलेल्या जागेच्या खाली निरोगी भागात फांदीसह कापावे, आणि तेही त्याला फळे धरण्यापूर्वी, कारण पाखरे त्याचे बी दुसऱ्या झाडावर नेतात.

छाटणीनंतर कापाच्या खाली भरपूर फुटवे येतात आणि झाड हिरवेगार दिसू लागते. येथेच पुष्कळांची फसगत होते. सगळे फुटवे ठेवले तर पुन्हा तीच दाटी होते आणि एकही फुटवा जोम धरत नाही. त्यातले सरळ उभे वाढणारे पाणसोट तर अन्न खातात आणि बरीच वर्षे फळ देत नाहीत. म्हणून फांदीवर बाहेरच्या दिशेने वाढणारे, एकमेकांपासून अंतर राखणारे साधारण चार ते सहा जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढून टाकावेत. ही विरळणी एकदा करून भागत नाही, पुढील वर्षभर ती अधूनमधून करावी लागते.

संकल्पांचेही असेच आहे. पाडव्याला माणूस दहा गोष्टी ठरवतो : पहाटे उठेन, हिशेब लिहीन, व्यसन सोडेन, कलमे बांधायला शिकेन, कर्ज फेडीन, गावच्या सोसायटीत लक्ष घालीन. शिमग्यापर्यंत त्यातले काहीच उरत नाही. दहातले तीन ठेवावेत. बागायतदारासाठी उपयोगी पडतील असे तीन संकल्प नमुन्यादाखल देत आहे :

१) आठवड्यातून एका ठरावीक दिवशी, वही हातात घेऊन, संपूर्ण बागेची फेरी.
२) बागेवरचा प्रत्येक खर्च त्याच दिवशी रात्री झोपण्यापूर्वी लिहिणे.
३) या वर्षी एक हातकौशल्य शिकणे. उदाहरणार्थ, कमी प्रतीच्या रायवळ झाडाच्या नवीन फुटव्यांवर पाचर कलम बांधणे.

ज्यांना तंबाखूची सवय आहे त्यांनी तिसऱ्याच्या जागी तीच धरावी. बागायतदाराच्या बाबतीत तिचा धोका दुहेरी आहे. फवारणी चालू असताना तंबाखू मळली, की हातावरचे विष थेट तोंडात जाते. ‘तंबाखू कमी करीन’ असे न लिहिता ‘फवारणीच्या दिवशी हात साबणाने धुऊन कपडे बदलेपर्यंत तोंडात काही घालणार नाही’ येथून सुरुवात करावी व रोजच्या पुड्यांचा आकडा लिहावा. शासनाच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क दूरध्वनीवर तंबाखू सोडण्यासाठी सल्लाही मिळतो.

संकल्प तपासता येईल असाच असावा

बोर्डो मिश्रण तयार झाल्यावर आपण ते तसेच मारीत नाही. त्यात लोखंडी सुरीचे स्वच्छ पाते बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे, अजून चुन्याची निवळी हवी, हे समजते. एक टक्का मिश्रणासाठी १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना व १०० लिटर पाणी हे प्रमाण सर्वांना पाठ असते. पेस्टसाठी पाणी १०० ऐवजी १० लिटर घेतात. तरीही पाते बुडवावे लागते, कारण चुन्याची प्रत प्रत्येक वेळी सारखी नसते.

संकल्पालाही असे पाते हवे. ‘बागेकडे नीट लक्ष देईन’ या वाक्याला कोणतीही कसोटी लावता येत नाही. ते कधी मोडले हेही समजत नाही. ‘दर रविवारी सकाळी सर्व झाडांखाली भुसा पाहीन’ हे वाक्य मोडले की वहीत रकाना कोरा राहतो. ज्यात चूक उघडी पडते तोच संकल्प कामाचा, असे समजावे.

केलेले काम आणि दिसलेला परिणाम वेगळे लिहा

वहीच्या पानाचे चार रकाने करावेत : ठरवले, केले, दिसले, कारण. पहिले दोन आपल्या हातातले आहेत. तिसरा झाडाच्या हातात आहे. या दोन्हींची गल्लत झाली की माणूस लवकर निराश होतो किंवा फुकाचा खूश होतो.

उदाहरण पाहा. पूर्ण वाढलेल्या, दहा वर्षांवरील कलमास दरवर्षी ५० किलो शेणखत, १.५ किलो नत्र, ५०० ग्रॅम स्फुरद व १ किलो पालाश द्यावे, अशी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस आहे. म्हणजे सुमारे सव्वातीन किलो युरिया, तितकेच सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो सल्फेट ऑफ पोटॅश. ही मात्रा पावसाळ्याच्या सुरुवातीला झाडाच्या विस्ताराखाली चर काढून द्यावी. माती परीक्षण झालेले असल्यास त्याप्रमाणे मात्रेत बदल करावा. आता ‘केले’ या रकान्यात जूनमध्येच खूण होते. परंतु ‘दिसले’ या रकान्यासाठी पावसानंतरची पालवी, मग मोहोर, मग फळ अशी वाट पाहावी लागते. ऑगस्टमध्येच ‘खत देऊन काही फरक नाही’ असे लिहिणे म्हणजे रुजत घातलेली कोय रोज उकरून पाहण्यासारखे आहे.

तपासणीची मुदत कामाच्या जातीप्रमाणे ठेवावी :

आठवड्याला – फेरी झाली का, हिशेब लिहिला का, नवीन छिद्र व भुसा दिसला का. छाटलेल्या झाडांकडे खोडकिडा ओढला जातो, म्हणून त्यांची तपासणी चुकवू नये. छिद्र दिसल्यास तारेचा आकडा घालून अळी बाहेर काढावी व विद्यापीठाच्या चालू शिफारशीप्रमाणे औषधाचा बोळा घालून छिद्र ओल्या मातीने बंद करावे.

महिन्याला – निवडलेल्या १० झाडांवर चारही दिशांना प्रत्येकी ५ फुटवे दोऱ्याने खूण करून ठेवावेत. असे झाडाला २० व बागेत २०० फुटवे होतात. पालवी किती फुटव्यांना आली, करपा किती पानांवर आहे, मोहोर किती फुटव्यांना आला, हे मोजावे. दोनशेपैकी नव्वद म्हटले की अंदाजाला जागा राहत नाही. त्याच दिवशी आपल्या तीन संकल्पांचे रकानेही मोजावेत : चारपैकी किती फेऱ्या झाल्या, तीस दिवसांपैकी किती दिवस हिशेब लिहिला.

वर्षाला – फळांची संख्या, प्रतवारी, खर्च व शिल्लक. येथे एक खबरदारी घ्यावी. हापूस हा वर्षाआड भरघोस फळणारा आंबा आहे. एका भरल्या वर्षाची तुलना रिकाम्या वर्षाशी केली तर प्रगती नसताना प्रगती दिसेल किंवा असलेली दिसणार नाही. म्हणून दोन-दोन वर्षांची सरासरी काढून तुलना करावी.

पडत्या काळाचा हिशेब आधीच करा

या लेखातील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. जोरकस छाटणी केलेले झाड पुढील दोन हंगाम फळ देत नाही. तिसऱ्या हंगामापासून ते थोडे थोडे धरू लागते. म्हणून सबंध बाग एकाच वर्षी छाटू नये, हे बहुतेकांना माहीत आहे. परंतु हप्ते पाडले तरी उत्पन्न केव्हा किती खाली जाईल, हे फार थोडे जण मांडून पाहतात.

समजा १२० झाडांची बाग आहे आणि दरवर्षी ४० झाडे छाटली. पहिल्या हंगामात ८० झाडे फळतील. दुसऱ्या हंगामात पहिली व दुसरी अशी दोन्ही तुकड्यांची झाडे रिकामी असल्याने फक्त ४० उरतील. तिसऱ्या हंगामातही ४०च, आणि तीही नुकती धरू लागलेली. चौथ्या हंगामात ८० आणि पाचव्यात सर्व १२०. म्हणजे सर्वांत कठीण काळ सुरुवातीचा नसून दुसऱ्या-तिसऱ्या हंगामाचा आहे. नेमका याच वेळी घरात वाद होतो, ‘बाग पूर्वी होती तीच बरी होती’ असे शब्द निघतात आणि बाग कराराने देण्याचा विचार बळावतो.

त्याऐवजी दरवर्षी चौथा हिस्सा, म्हणजे ३० झाडे घेतली, तर फळणाऱ्या झाडांची संख्या ९०, ६०, ६०, ६०, ९० अशी राहून सहाव्या हंगामात १२० होते. एक वर्ष जास्त लागते, पण फळणाऱ्या झाडांची संख्या कधीही निम्म्याच्या खाली जात नाही. ज्या घराचा चरितार्थ किंवा कर्जाचा हप्ता आंब्यावर आहे, त्यांनी हीच पद्धत धरावी. छाटलेल्या भागात ऊन येते. तेथे हळद, सुरण अशी आंतरपिके घेऊन काही तूट भरून काढता येते. हा तक्ता वहीच्या पहिल्या पानावर लिहून घरातील सर्वांना वाचून दाखवावा. तूट येणार हे आधी ठाऊक असेल, तर ती आल्यावर कोणी कोणाला दोष देत नाही.

लवकर पैसा मिळावा म्हणून नुकत्याच छाटलेल्या किंवा अशक्त झाडांना पॅक्लोब्युट्राझोल देऊ नये. ते वाढ रोखून मोहोर आणणारे द्रव्य आहे, आणि अशा झाडाला आधी वाढच हवी असते. बाग कराराने देणे अटळ असेल, तर हे द्रव्य कोणत्या झाडास, किती व कधी दिले, याची नोंद करारातच मागावी.

सवयींनाही असा पडता काळ येतो. पहिले दोन महिने हिशेब उत्साहाने लिहिला जातो. मग त्यातून काही मिळत नाही असे वाटू लागते, कारण वर्ष पूर्ण झाल्याशिवाय तुलना करता येत नाही. हा काळ छाटलेल्या झाडाच्या दोन रिकाम्या हंगामांसारखा समजावा आणि फक्त ‘केले’ हा रकाना भरत राहावा.

कोरे रकाने वाचायला शिका

चुकलेला आठवडा नंतर आठवून भरू नये, कोराच ठेवावा. वर्षाअखेर हे कोरे रकानेच अधिक शिकवतात. कोकणात पाहिले तर ते बहुधा भातलावणीत, गणपतीत आणि शिमग्यात सापडतील. हा आळस नव्हे, कामाचा व सणांचा ताण आहे. तेव्हा पुढील वर्षी जुलैमध्ये साप्ताहिक फेरीऐवजी पंधरवड्याची फेरी ठरवावी व ती पाळावी. परंतु मोहोराच्या दिवसांत, डिसेंबर-जानेवारीत रकाने कोरे असतील तर मात्र कारण शोधलेच पाहिजे. त्या वेळी तुडतुडे व करपा यांच्यासाठी एका आठवड्याचा उशीरही महाग पडतो. कारणाच्या रकान्यात ‘वेळ मिळाला नाही’ असे न लिहिता त्या वेळी आपण कोठे होतो ते लिहावे.

सलग दोन महिने एखादा संकल्प निम्म्याहून कमी पाळला गेला, तर स्वतःला बोल लावण्यापेक्षा तो लहान करावा. संपूर्ण बागेची फेरी जमत नसेल तर छाटलेल्या ३० झाडांचीच करावी. एखादा संकल्प वर्षभर सुखरूप पार पडला, म्हणजे तो अंगवळणी पडला. मग त्याच्या जागी दहातला चौथा घ्यावा.

दुसऱ्या डोळ्यांनी पाहणी

स्वतःचे झाड स्वतःला नेहमीच बरे दिसते. म्हणून महिन्याची वही घरातील दुसऱ्या माणसाने वाचावी. बहुतेक घरांतून गड्यांची मजुरी, किराणा आणि मुलांच्या फीचा मेळ घरच्या बाईच घालीत असतात. त्यांना हिशेबातील उणीव लगेच दिसते. वर्षातून एकदा शेजारच्या बागायतदारास बोलावून बाग दाखवावी आणि त्याची आपण पाहावी. मात्र तुलना करताना त्याच्या पेट्यांशी आपल्या पेट्या लावू नयेत. त्याची जमीन, झाडांचे वय आणि घरातील हात वेगळे असतात. आपल्या झाडाची तुलना आपल्याच मागील नोंदीशी करावी.

शेतकरी बंधू-भगिनींनो, तीस वर्षांचे हापूसचे कलम योग्य निगा राखल्यास आणखी एक पिढी पोसू शकते. ते तोडून नवीन लावले, तर पुन्हा पाच-सात वर्षे थांबावे लागते. तेव्हा या ऑक्टोबरपूर्वी एक शंभर पानी वही आणावी, झाडांना क्रमांक द्यावेत, दोन्ही बाजूंनी आजची स्थिती लिहावी आणि पहिल्या तीस झाडांची निवड करावी. जोरकस छाटणी करण्यापूर्वी जवळच्या कृषी संशोधन केंद्रातील किंवा कृषी विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना बाग दाखवून घ्यावी. जाताना ती वही बरोबर न्यावी. नोंद समोर असली, की सल्ला देणाऱ्यालाही नेमके बोलता येते.